थकलेला दंड

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपल्या वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहेत. वाण्याची उधारी आणि पतपेढीचे कर्ज हीही प्रत्येकाला आठवतात, कारण देणेकऱ्याला त्यांची आठवण करून देणारा कोणीतरी असतो. परंतु आजच्या गृहस्थाच्या माथी आणखी एक देणे असते, ज्याला तो देणे म्हणून गणतच नाही. रस्त्यावरील नियम मोडल्याबद्दल झालेला दंड तो हाच. पूर्वी पोलीस गाडी थांबवी, पावती फाडी आणि प्रकरण तेथेच संपे. आता चौकातील कॅमेरा छायाचित्र टिपतो, चलान मोबाईलवर येते, आणि मनुष्य तो संदेश इतर शंभर संदेशांत विसरून जातो. वर्षे लोटतात. मग गाडी विकताना, पासपोर्ट काढताना किंवा घरात कोणाचा मृत्यू झाल्यावर ते विसरलेले देणे अकस्मात पुढे उभे राहते. इतक्या जुन्या गोष्टीचा दंड आता भरावा काय, आणि भरला तर त्याने काय संपते व काय उरते, असा प्रश्न तेव्हा पडतो. प्रश्न लहान दिसतो खरा. पण दंड म्हणजे काय, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक अंग आहे.

मी हैदराबादेत राहतो. भाषांतर हा माझा व्यवसाय. धर्मशास्त्र गुरुगृही राहून शिकलो असल्यामुळे श्राद्धपक्ष, सुतक, वाटणी अशा गोष्टी विचारण्यासाठी शेजारचे लोक येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत असेच एक गृहस्थ आले. त्यांचे वडील, निवृत्त शिक्षक, काही महिन्यांपूर्वी वारले होते. वडिलांच्या नावाची स्कूटर स्वतःच्या नावावर करून घ्यावी म्हणून हे आरटीओत गेले, तेव्हा एजंटाने सांगितले की गाडीवर चार जुनी चलाने थकली आहेत, ती आधी भरा. चारही मिळून रक्कम हजाराच्या आतली. मी म्हटले, भरून टाका. ते म्हणाले, "पैशाचे नाही हो, शास्त्रीबुवा. भरले म्हणजे नानांनी गुन्हा केला होता असे मी कबूल केल्यासारखे होईल. जन्मभर त्यांनी मुलांना शिस्त शिकवली. ते गेले, त्यांना आता आपली बाजू सांगता येत नाही. मी कोण कबूल करणारा?"

हा संकोच मला खरा वाटला, म्हणून शास्त्रात याविषयी काय आहे ते मी त्यांना सांगितले. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा सामान्य नियम. तथापि मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही त्या नियमाला काही अपवाद सांगितले आहेत. पित्याने जुगारात केलेले देणे, मद्यापायी केलेले देणे, व्यर्थ कबूल केलेल्या देणग्या यांच्याबरोबरच राजदंडाची आणि शुल्काची राहिलेली बाकीही पुत्राने देण्याचे कारण नाही. याचे मर्म असे की ऋण हे धनाचे असते, म्हणून ते धनाबरोबर वारसाकडे जाते. दंड हा कर्त्याच्या कर्माचा असतो, म्हणून तो कर्त्याबरोबरच राहतो. दुसऱ्याने भोगलेला दंड हा दंडच नव्हे.

आजच्या कायद्याची दृष्टीही पुष्कळशी अशीच आहे. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी आरोपी मरण पावला तर त्याच्यापुरता खटला संपतो. मृत मनुष्याला दोषी ठरवता येत नाही. मात्र न्यायालयाने जिवंतपणी दंड ठोठावला असेल तर ती रक्कम त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. भारतीय दंड संहितेच्या कलम ७० मध्ये ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही ती आहे. येथे कायदा स्मृतींपासून थोडा वेगळा होतो. तरीही त्यात पुत्राच्या डोक्यावर काही येत नाही. जे येते ते मालमत्तेवर. शेजाऱ्यांच्या वडिलांची चलाने न्यायालयापर्यंत गेलेली नव्हती. तेव्हा धर्माने नाही आणि कायद्यानेही नाही, तुमच्यावर हा दंड नाही, असे मी त्यांना सांगितले. रक्कम भरायची ती गाडीचे कागद मोकळे होण्यासाठी भरा, कबुली म्हणून नव्हे.

त्यांना बरे वाटले. भरण्यापूर्वी खात्री करावी म्हणून त्यांनी मोबाईलवर एकेका चलानाचे छायाचित्र उघडले. पहिल्या दोहोंत नानाच होते, डोक्यावर हेल्मेट नाही, पायाशी भाजीची पिशवी. तिसरे उघडून ते बराच वेळ पाहत राहिले. मग मोबाईल माझ्याकडे दिला. त्या स्कूटरवर ते स्वतः होते, आणि मागे त्यांची पत्नी. सिग्नल ओलांडलेला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांना आठवतही नव्हते.

पुढे काही बोलण्याचे कारण उरले नाही. त्यांनी चारही चलाने त्याच रात्री भरली. बहिणीला फोन करून सांगितले की चारांतले एक नानांचे नव्हते, माझे होते. बहीण म्हणाली, ते छायाचित्र नानांनी मला तेव्हाच दाखवले होते. नाना यावर आणखी काय म्हणाले होते ते शेजाऱ्यांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

या प्रसंगानंतर मोटार वाहन कायद्याचे संबंधित भाग मी मुद्दाम वाचून काढले. भाषांतरकाराची खोड अशी की एखादा शब्द अडला की त्याच्या मुळाशी गेल्यावाचून चैन पडत नाही. न्यायालयात खटला न चालवता ठरावीक रक्कम घेऊन अपराध मिटवणे याला इंग्रजीत जे कंपाउंडिंग म्हणतात, त्याला हिंदी प्रदेशात शमन असा शब्द रूढ आहे, आणि त्या रकमेला शमन शुल्क. अमरकोशात शमन हे यमाचे एक नाव आहे. कारकुनाने हा शब्द योजताना यमाचे स्मरण केले असेल असे मला वाटत नाही; पण शब्द नेमका बसला आहे. जो शांत करतो आणि जो हिशेब ठेवतो, तो एकच.

कारण १९८८ च्या या कायद्याच्या कलम २०० मध्ये अगदी हेच दोन भाग आहेत. अपराधाचे शमन झाले की त्या अपराधाबद्दल त्या मनुष्यावर पुढे कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. येथे प्रकरण संपले. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने त्याला एक पुरवणी जोडली. शमन झाले असले तरी पुढे तोच अपराध पुन्हा घडला, तर तो दुसरा आहे की पहिला हे ठरवताना शमन झालेला अपराध पूर्वीचा म्हणून धरावा. म्हणजे दंड भरल्याने देणे फिटते. स्मृती पुसली जात नाही. कर्माचा विचार करणाऱ्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. भोगाने फळ क्षीण होते, पण त्या कर्माने चित्तावर उमटलेला संस्कार शिल्लक राहतो आणि तसाच प्रसंग आला की जागा होतो. कायद्याची ती नोंदही अशीच निद्रिस्त असते. पुन्हा तेच केले नाही, तर ती कोणाला बाधत नाही.

मग पुष्कळ लोक विचारतात, की दंड भरल्याने आपण कायमचे गुन्हेगार ठरतो काय? ही भीती बहुतांशी अज्ञानातून आलेली आहे. पासपोर्टचेच पाहा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पूर्वीच्या शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारायचा, तर ती शिक्षा गेल्या पाच वर्षांतली, नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दलची आणि किमान दोन वर्षे कारावासाची असावी लागते. हेल्मेटचा दंड त्याच्या आसपासही येत नाही. उलट न्यायालयात प्रलंबित असलेला फौजदारी खटला, किंवा हजर राहण्यासाठी निघालेले समन्स वा वॉरंट, ही त्याच कायद्यात नकाराची स्वतंत्र कारणे आहेत. मनुष्य भितो ते भरलेल्या दंडाला. अडवतो तो न भरलेला. आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ नुसार लहान अपराधात न्यायालय समन्स पाठवतानाच दंडाची रक्कम कळवते, आणि आरोपीने टपालाने दोष कबूल करून ती रक्कम पाठवली तर प्रकरण तेथे मिटते. एवढेच नव्हे, त्या कबुलीमुळे त्याचा परवानाही जात नाही. जो स्वतः होऊन कबूल करतो त्याच्याशी सौम्यतेने वागावे, हा भाव कायद्यानेही राखला आहे.

पण याचा अर्थ असा नव्हे की चलान आले की डोळे मिटून भरावे. कॅमेरा आकडा चुकीचा वाचतो, दुसऱ्याची गाडी आपल्या नावावर येते. विकलेल्या गाडीचे नाव बदलायचे राहिले की खरेदीदाराचे अपराध आपल्या मोबाईलवर येत राहतात. अशा वेळी शंभर-दोनशे रुपयांसाठी कोण कटकट करणार, असे म्हणून जो भरतो, तो रुपये देत नाही, कबुली देतो, आणि ती असत्य असते. तिच्यामुळे पुढे आपल्या खऱ्या पहिल्या अपराधाला दुसऱ्याचा भार चढू शकतो, ही व्यवहाराची बाजू झाली. धर्माची बाजू अशी की सोयीसाठी बोललेले असत्य हे आपल्या विरुद्ध बोललेले असले तरी असत्यच. येथे तक्रार करावी, छायाचित्र मागावे, लागेल तेवढे हेलपाटे घालावेत. शेजाऱ्यांनी ते छायाचित्र उघडून पाहिले नसते, तर चारही अपराध कायमचे नानांच्या खाती राहिले असते.

आता जेथे ही फेड फिटतच नाही, असे एक उदाहरण पाहावे. ते आपल्या देशातले नाही. परंतु दंड कसा नसावा हे त्याइतके स्पष्ट मला दुसरीकडे आढळले नाही. अमेरिकेत मिसूरी राज्यात फर्ग्युसन नावाचे गाव आहे; या हकीकतीच्या वेळी त्याची वस्ती सुमारे २१ हजार होती. तेथील पोलीस आणि नगर न्यायालय यांच्या कारभाराची चौकशी करून अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१५ च्या मार्चमध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एका गरीब स्त्रीची हकीकत आहे. २००७ मध्ये तिने एकदा गाडी नको तेथे उभी केली. त्याबद्दल तिला १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क झाले. तिला ते जमेना. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा आरोप, नवा दंड, नवे वॉरंट. सहा दिवस ती तुरुंगात राहिली. तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर पाठवले, तर पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते परत केले. २०१४ च्या डिसेंबरपर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि ५४१ डॉलर देणे बाकी होते. त्या वेळी एवढ्याशा गावाच्या न्यायालयाने काढलेली वॉरंटे १६ हजारांहून अधिक माणसांवर उभी होती, कारण ती सगळी गावातलीच नव्हती. वाटसरूही त्यात होते. दंडाची वसुली हे गावाच्या उत्पन्नाचे साधन झाले होते, असे अहवालाने म्हटले आहे. पुढे २०१५ च्या ऑगस्टमध्ये तेथील नव्या न्यायाधीशाने २०१४ अखेरपर्यंतची सर्व अटक वॉरंटे मागे घेतली.

ज्याच्यापाशी देण्यास काही नाही, त्याला केवळ न देण्यासाठी तुरुंगात टाकता येत नाही, त्याने जाणूनबुजून टाळले की त्याला शक्यच नव्हते याची आधी चौकशी केली पाहिजे, असा निर्णय त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला होता. निर्णय कागदावर राहिला. तिकडे बहुतेक ठिकाणी तिकीट भरणे म्हणजे दोष मान्य करणेच असते. त्यामुळे परवान्यावर दोषांक चढतात आणि गाडीच्या विम्याचा हप्ता वाढू शकतो. भरावे तर हे, न भरावे तर वॉरंट. सुस्थितीतला मनुष्य वकील लावून यातून वाट काढतो. त्या स्त्रीला वाट नव्हती.

दंडाने मनुष्य शुद्ध होतो असे आपण म्हणतो. राजाकडून दंड भोगलेला अपराधी पुण्यवंतासारखा निर्मळ होतो, असे मत मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. पण ही शुद्धी केव्हा होते? दंडाला शेवट असेल तेव्हाच. ज्या दंडाला दंडच फुटतात तो शुद्ध करत नाही, तो व्याजाचा धंदा होतो. अपराधाची आठवण राज्याने ठेवली तर मला तीत अन्याय दिसत नाही. देणे फिटू न देणे हा अन्याय आहे. शांतिपर्वात व्यासांनी युधिष्ठिराला सांगितलेली शंख आणि लिखित या दोन भावांची कथा याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लिखिताने भावाच्या आश्रमातील फळे न विचारता खाल्ली. शंखाने त्याला सांगितले, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि दंड माग. राजा सुद्युम्न म्हणाला, दंड देण्याचा अधिकार मला आहे तसा क्षमा करण्याचाही आहे. लिखिताने क्षमा नाकारली. त्याचे हात तोडले गेले. तो परत आला, शंखाच्या सांगण्यावरून बाहुदा नदीत तर्पण करू लागला, आणि हात पुन्हा उगवले. मला शुद्धच करायचे होते तर तुम्हीच का केले नाही, असे त्याने भावाला विचारले. शंख म्हणाला, तुला दंड देणे माझ्याकडे नव्हते. आता राजाही शुद्ध झाला आणि तूही, पितरांसह.

फळांसाठी हात तोडणे आपल्याला आज कठोर वाटते, आणि ते तसे आहेच. परंतु हात परत आले, ही गोष्ट कथेतून वगळता येत नाही. दंड पुरा झाला आणि मनुष्य पूर्ववत झाला. फर्ग्युसनच्या त्या स्त्रीचे हात सात वर्षे परत आले नाहीत.

हे सगळे मी शेजाऱ्यांना त्या वेळी सांगितले असते तर बरे झाले असते, कारण तीनच आठवड्यांनी ते वर्तमानपत्र घेऊन दारात उभे राहिले. २०२२ च्या मार्चमध्ये तेलंगणात थकलेल्या चलानांवर सवलत जाहीर झाली होती. दुचाकीवाल्याने पाव रक्कम भरली की उरलेली पाऊण माफ. "शास्त्रीबुवा, थोडे थांबलो असतो तर!" ते हसून म्हणाले, पण मला त्यात थोडा सल दिसला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकात निम्मी रक्कम माफ झाली, आणि २०२३ च्या डिसेंबरअखेर तेलंगणात पुन्हा सवलत आली, तेव्हा दुचाकींना ऐंशी टक्के. उत्तर प्रदेशात २०१७ ते २०२१ या काळातली न्यायालयांत पडून असलेली चलानेच त्या वर्षी रद्द झाली. न्यायालयांवरचा भार कमी व्हावा आणि वसुली व्हावी, हा राज्यांचा हेतू मला समजतो. गरिबाला तर यातून खरीच सुटका मिळते. त्याने ती निःसंकोच घ्यावी. परंतु ज्याच्या खिशात पैसे आहेत तो यावरून एवढेच शिकतो की थांबणारा शहाणा आणि वेळेवर भरणारा वेडा.

शेजाऱ्यांना यावर मी काय उत्तर देणार? कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. त्यांना भरा म्हणून सांगितले त्या दिवशी माझ्या स्वतःच्या गाडीवर तीन चलाने थकलेली होती. पहाटे पाठाला जाताना हेल्मेट घातले नव्हते. तिन्ही वेळा मीच होतो, छायाचित्र पाहण्याचीही गरज नव्हती. भरू, भरू म्हणत दीड वर्ष गेले होते. मी ते त्यांना तेथेच दारात सांगितले. ते काही बोलले नाहीत, वर्तमानपत्र मात्र माझ्या हातात देऊन गेले.

त्या रात्री मी भरायला बसलो. पूर्ण रक्कम भरावी अशी इच्छा होती. लिखिताला राजापुढे उभे राहून क्षमा नाकारता आली. पोर्टलवर तशी सोय नव्हती. तेथे पाव रक्कमच मागितली होती आणि तेवढीच स्वीकारली गेली. उरलेली पाऊण रक्कम मी दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाबाहेर चालणाऱ्या अन्नदानाच्या पेटीत टाकली. ते दान झाले, त्याला दंड म्हणता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. दंड पावच भरला गेला. शेजाऱ्यांनी पूर्ण भरला होता, आणि त्यांतले तीन त्यांचे नव्हतेही. उन्हाळ्यात स्कूटर त्यांच्या नावावर झाली. माझ्या गाडीच्या आकड्यापुढे आता काही बाकी दिसत नाही.